तसबिरी बदलतात त्या कां?

दिवाळीच्या आधीं घर झाडावयाचें, माळ्यावरचें सामान खालीं उतरावयाचें, आणि उतरलेलें निम्मेंअधिक सामान पुन्हां जसेंच्या तसें माळ्यावर चढवावयाचें, हा आमच्या खामगांवच्या वाड्याचा वर्षानुवर्षांचा परिपाठ आहे. यंदां त्या खटाटोपांत एक लांकडी पेटी निघाली. पेटींत तांब्यापितळेचीं भांडीं असतील अशा आशेनें घरांतील मंडळी भोंवतीं जमली. पण आंतून निघाल्या त्या जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेल्या तसबिरी. महात्माजी, पंडित नेहरू, लालबहादूर शास्त्री आणि इंदिरा गांधी. एके काळीं हीं सर्व मंडळी आमच्या बैठकीच्या भिंतीवर लोकमान्यांच्या शेजारीं होती. लोकमान्यांची तसबीर तेवढी पेटींत नव्हती. ती आजही बैठकींतच आहे.

सूनबाईंनीं सहज विचारलें, "यांना खालीं कोणीं उतरविलें, आणि कां?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर देतां देतां आम्ही अडखळलों. कांहीं तसबिरी रंग देण्याच्या निमित्तानें उतरल्या व पुन्हां चढल्याच नाहींत. एक तसबीर भांडणानें उतरली. आणि तीच पुढें अश्रूंनीं पुन्हां चढली. विचार करूं लागल्यावर असें दिसलें कीं, आमच्या भिंतीवरील या चढउताराच्या मागें दर वेळीं देशावरचें एखादें संकट उभें होतें. पुढाऱ्यावर जनतेचें प्रेम संकटांत कसें वाढतें, संकट सरल्यावर तें कसें ओसरतें, आणि क्वचित् तें कां टिकून राहतें, याचा विचार आपल्या बुलढाणा जिल्ह्याच्या अनुभवाच्या आधारानें करावा, म्हणून हा लेख. राजकारण हा बैठकींतल्या पुरुषांचा विषय आहे, स्वयंपाकघराचा नव्हे, असें मानणाऱ्या घरांनींही तो एकत्र बसून वाचावा अशी आमची विनंती आहे. कारण मत देतेवेळीं स्वयंपाकघर आणि बैठक यांचें वजन सारखेंच असतें.

संकटाचा साधारण नियम

प्रथम जगाचा अनुभव थोडक्यांत पाहूं. अमेरिकेंत अध्यक्षाच्या कामावर लोक खूष आहेत कीं नाराज, हें अनेक दशकें नियमितपणें विचारून नोंदलें जातें. त्या नोंदींचा अभ्यास करून जॉन म्यूलर या विद्वानानें १९७० सालीं एक नियम मांडला. परराष्ट्राशीं संबंध असलेलें, अध्यक्षाला प्रत्यक्ष गुंतविणारें आणि अकस्मात् उद्भवलेलें संकट आलें कीं लोक झेंड्याभोंवतीं गोळा होतात, व अध्यक्षाची लोकप्रियता एकाएकीं वाढते. नवल असें कीं, संकटांत त्याची हार झाली तरी ती वाढते. १९६१ सालीं क्यूबावरील स्वारी पुरती फसली, तरी त्यानंतर अध्यक्ष केनेडी यांजवर शेंकडा ८३ लोक प्रसन्न होते!

पण या नियमाचें दुसरें अंग तितकेंच निश्चित आहे. १९९१ च्या आखाती युद्धानंतर थोरल्या बुश यांची लोकप्रियता शेंकडा ८९ वर गेली. पुढच्याच वर्षीं ते निवडणूक हरले. त्यांचे चिरंजीव २००१ सालीं शेंकडा ९० वर होते, आणि २००८ च्या अखेरीस शेंकडा २५ वर आले. इंग्लंडनें चर्चिलसारख्या विजयी सेनानीला युद्ध जिंकल्यावर तीन महिन्यांच्या आंत, १९४५ च्या जुलैंत, सत्तेवरून दूर केलें.

याचीं कारणें आपल्या घरांतही सांपडतील. घरांत कोणी अत्यवस्थ असतां आपण कारभाऱ्याचा हिशेब तपासत नाहीं. तो म्हणेल तिकडे धांवतों. जाबजबाब विचारणारा भाऊही त्या वेळीं गप्प बसतो, कारण त्या घटकेस भांडण काढणें त्याला स्वतःलाच शोभत नाहीं. आणि वैद्यानें काय सांगितलें हें बहुधा कारभाऱ्यालाच ठाऊक असतें, म्हणून आपणांस जें कळतें तें त्याच्याच तोंडून. भय, विरोधकांचें मौन आणि एकाच मुखांतून येणारी वार्ता, या तिहींनीं संकटांतील लोकप्रियता फुगते. दुखणें हटलें कीं किराणा दुकानदाराची उधारी पुन्हां डोळ्यांपुढें उभी राहते.

ज्यांची तसबीर उतरली नाहीं

लोकमान्यांची गोष्ट या नियमाच्या उलट आहे. त्यांच्यावर संकट आलें त्या वेळीं त्यांच्या हातीं सत्ता नव्हती. उलट सत्तेनेंच त्यांना संकटांत लोटलें. २४ जून १९०८ रोजीं त्यांना अटक झाली, २२ जुलैस सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि मुंबईच्या गिरणीकामगारांनीं सहा दिवस संप करून आपलें दुःख प्रकट केलें. आपल्या जिल्ह्यांत या प्रसंगाची एक निराळीच आठवण जपलेली आहे. अटकेपूर्वीं अकोल्यास झालेल्या शिवजयंतीच्या उत्सवांत शेगांवचे श्रीगजानन महाराज उपस्थित होते. लोकमान्यांवर बंदिवास ओढवणार हें त्यांनीं आधींच सूचित केलें होतें, व पुढें त्यांनीं प्रसाद म्हणून भाकरी पाठविली, ही कथा वऱ्हाडांतील घराघरांत सांगितली जाते. श्रद्धावंतानें ती श्रद्धेनें ऐकावी, चिकित्सकानें लोकमनाचा पुरावा म्हणून ऐकावी. दोघांनाही इतकें मान्य होईल कीं, राजकीय पुढाऱ्याला लोकांनीं आपल्या गांवच्या संताशेजारीं नेऊन बसविलें, आणि तें त्याच्या विजयाच्या दिवशीं नव्हे, शिक्षेच्या दिवशीं.

१९१४ च्या जूनमध्यें लोकमान्य मंडालेहून सुटून आले तेव्हां हें प्रेम ओसरलेलें नव्हतें. १ ऑगस्ट १९२० रोजीं ते गेले, त्यानंतर असहकारितेच्या काळांत आमच्या खामगांवास त्यांच्या नांवानें राष्ट्रीय विद्यालय उभें राहिलें. जो पुढारी संकटांत स्वतः कांहीं गमावतो त्याची कीर्ति संकटाबरोबर ओसरत नाहीं, हा आमचा पहिला निष्कर्ष.

परंतु या निष्ठेला दुसरीही एक बाजू होती, ती आम्हां वऱ्हाडकरांनीं मोकळ्या मनानें कबूल केली पाहिजे. लोकमान्यांवरील भक्तीमुळेंच आमच्यांतील पुष्कळ सुशिक्षित घरें महात्माजींपासून दूर राहिलीं. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे असहकारितेच्या मार्गावर गेले नाहींत. १९२६ सालीं अकोल्यास प्रतिसहकार पक्षाची स्थापना झाली, आणि यवतमाळचे लोकनायक अणे त्यांत अग्रभागीं होते. तेच अणे १९३० सालीं जंगल सत्याग्रहांत पुढें झाले. त्याच साली अकोल्याजवळ दहीहंड्यास खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ करून वऱ्हाडनें कायदा मोडला. आमच्या वाड्यांत महात्माजींची तसबीर लागली ती या सुमारास, असें आजी सांगत असे.

ती उतरली केव्हां? ३० जानेवारी १९४८ नंतर. महात्माजींच्या हत्येनें देश हंबरडा फोडीत असतां महाराष्ट्रांत अनेक ठिकाणीं ब्राह्मणांचीं घरें जाळण्यांत आलीं. मारेकऱ्याच्या जातीचे म्हणून निरपराध माणसांना गांव सोडावें लागलें. आमचें घर वांचलें. पण भयानें दारें लावून बसलेल्या घरांत त्या तसबिरीकडे पाहण्याचा कोणाला धीर होईना, आणि ती कोणीतरी काढून ठेविली. ज्यानें जन्मभर अहिंसा सांगितली त्याच्या नांवानें इतरांनीं हिंसा करावी, आणि त्या हिंसेचा राग आपण त्याच्यावरच काढावा, यांत कोणाचा न्याय झाला? लोकांच्या दुःखाला लाटेचें रूप आलें कीं त्या लाटेखालीं कांहीं माणसें चिरडलीं जातात, एवढें येथें नमूद करून ठेवतों. पुढें याची पुन्हां आठवण करावी लागणार आहे.

पराभव आणि विजय

१९६२ च्या ऑक्टोबरांत चीननें आक्रमण केलें. नियमाप्रमाणें लोक पंडितजींभोंवतीं गोळा झाले. संरक्षण निधीला बायकांनीं अंगावरचे दागिने काढून दिले. पण पराभवाचा जाब कोणीतरी दिलाच पाहिजे होता, आणि तो संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना पद सोडून द्यावा लागला. त्यांच्या जागीं यशवंतराव चव्हाण दिल्लीस गेले, तेव्हां हिमालयाच्या मदतीस सह्याद्री धांवला म्हणून महाराष्ट्राची छाती फुगली. पंडितजींवर मात्र राग आला तो हळूहळू, आणि दुःखाच्या रूपानें. १९६३ सालीं आचार्य कृपलानी, डॉ. लोहिया आणि मिनू मसानी असे तीन कडवे टीकाकार पोटनिवडणुकांत निवडून आले, व त्याच वर्षीं ऑगस्टांत लोकसभेंत पहिला अविश्वासाचा ठराव आला. ठरावाच्या बाजूनें ६२ मतें पडलीं, विरुद्ध ३४७. सत्ता ढळली नाहीं, पण पूर्वीचें निःशंक प्रेम परत आलें नाहीं.

शास्त्रीजींचें भाग्य निराळें. १९६५ च्या युद्धानें या लहानखुऱ्या माणसाला देशाच्या गळ्यांतला ताईत केलें. आणि ११ जानेवारी १९६६ रोजीं ताश्कंदास ते गेले. युद्धानंतरची महागाई, अन्नधान्याची टंचाई, रुपयाचें अवमूल्यन, हें सर्व त्यांच्या मागून आलेल्यांना भोगावें लागलें. ते आणखी पांच वर्षें सत्तेवर असते तर त्यांची तसबीर कोठें असती हें सांगतां येत नाहीं. त्यांच्या साधेपणाविषयींचा आमचा आदर यत्किंचितही कमी नाहीं. परंतु भर लाटेंत गेलेल्या पुढाऱ्याशीं, लाट ओसरल्यावरही कारभार करीत राहिलेल्या पुढाऱ्याची तुलना करणें न्यायाचें नव्हे, इतकें ध्यानांत असावें.

एका तसबिरीचीं तेरा वर्षें

आतां ज्या तसबिरीवरून आमच्या घरांत भांडण झालें तिच्याकडे वळूं. १९७१ च्या मार्चमध्यें लोकसभेची मध्यावधि निवडणूक झाली. त्या वेळीं आपल्या जिल्ह्यांत बुलढाणा व खामगांव असे दोन मतदारसंघ होते; दोन्ही इंदिराबाईंच्या पक्षाकडे गेले, आणि साऱ्या महाराष्ट्रांत ४५ पैकीं ४२ जागा त्या पक्षास मिळाल्या. मग डिसेंबर आला. आम्ही तेव्हां शाळकरी होतों. रोज संध्याकाळीं वाड्यांतील साऱ्या बिऱ्हाडांतलीं माणसें आमच्या रेडिओभोंवतीं जमत. १६ डिसेंबरला ढाक्यास शरणागति झाली, त्र्याण्णव हजारांच्या आसपास युद्धकैदी हातीं आले, आणि दुसऱ्या दिवशीं थोरले काका बाजारांतून इंदिराबाईंची तसबीर घेऊन आले. आजीनें तिला हळदकुंकू लावलें. पुढच्या मार्चमध्यें विधानसभेची निवडणूक झाली, तींत महाराष्ट्रांत २७० पैकीं २२२ जागा काँग्रेसनें जिंकल्या.

त्या तसबिरीवरचें कुंकू वाळतें न वाळतें तोंच १९७२ चा दुष्काळ पडला. खडी फोडण्याच्या कामावर चांगल्या शेतकऱ्यांच्या घरच्या बायका जाऊं लागल्या. साखर, रॉकेल, गोडें तेल, सर्व रांगेनें मिळे, किंवा मिळत नसे. १९७४ च्या मेमध्यें रेल्वेचा संप झाला, आणि जलंबहून खामगांवास येणारी आमची लहानशी गाडीही चर्चेचा विषय झाली. तसबीर भिंतीवर होती, पण तिला हळदकुंकू लावण्याचें आजीनें केव्हां सोडलें हें कोणाच्या ध्यानांतही आलें नाहीं. विजयाची पुण्याई तीन वर्षें पुरली नाहीं.

१२ जून १९७५ रोजीं अलाहाबादच्या न्यायालयानें इंदिराबाईंची निवडणूक रद्द ठरविली, व २५ जूनच्या रात्रीं देशावर आणीबाणी आली. येथें वाचकांनीं एक भेद नीट पाहावा. १९७१ चें संकट देशावर आलें होतें आणि पंतप्रधानांनीं तें निवारलें. १९७५ चें संकट पंतप्रधानांवर आलें होतें, आणि तें देशावर आलें आहे असें सांगण्यांत आलें. शब्द तेच होते: शत्रु, कट, शिस्त, ऐक्य. एक लाखाहून अधिक माणसें खटल्यावांचून किंवा नांवाच्या खटल्यानें आंत गेलीं. त्यांत आमचे धाकटे काका होते. ते शिक्षक होते. त्यांनीं एक पत्रक वांटलें होतें, एवढाच त्यांचा अपराध.

थोरले काका वाईट नव्हते. कचेरींतील माणसें वेळेवर येतात, गाड्या वेळेवर सुटतात, साठेबाज आंत गेले, हें ते मनापासून सांगत. धाकट्या काकूनें त्यांना उलट उत्तर दिलें नाहीं. ती फक्त एका सकाळीं स्टुलावर चढली, तिनें इंदिराबाईंची तसबीर उतरविली, आणि ती थोरल्या काकांच्या हातांत दिली. "ही तुमच्या खोलींत लावा," असें ती म्हणाली. त्यानंतर एकोणीस महिने एका पंगतींत जेवणारीं हीं दोन माणसें एकमेकांशीं कामापुरतें बोलत. सार्वजनिक लोकप्रियतेचा हिशेब आपण जागांनीं व शेंकडेवारीनें करतों. पण एकत्र कुटुंबांत तिची किंमत अशी मोजावी लागते.

१९७७ च्या मार्चमध्यें निकाल लागला. उत्तर हिंदुस्थानांत काँग्रेसचा धुव्वा उडाला, स्वतः इंदिराबाई रायबरेलींत पडल्या, आणि पक्ष १५४ जागांवर आला. पण महाराष्ट्रानें सरळ उत्तर दिलें नाहीं: ४८ पैकीं काँग्रेसला २०, जनता पक्षाला १९. आणि विदर्भ तर जवळजवळ अविचल राहिला. अकोल्यांत वसंत साठे, वाशिमांत वसंतराव नाईक असे एकामागून एक काँग्रेसचे उमेदवार निवडून आले. आमचा बुलढाणा मतदारसंघ मात्र निराळा निघाला. तो या वेळीं अनुसूचित जातींसाठीं राखीव होता, व तेथून रिपब्लिकन पक्षाच्या खोब्रागडे गटाचे दौलत गवई लोकसभेवर गेले.

विदर्भ असा कां वागला, याविषयीं उत्तरेकडील मंडळींनीं तेव्हां आम्हांस बरीच नांवें ठेविलीं. पण त्यास कारणें होतीं. सक्तीच्या नसबंदीचा जो अत्याचार उत्तरेंत घरोघर पोंचला तो येथें त्या प्रमाणांत पोंचला नाहीं. १९७२ च्या दुष्काळांत सुरू झालेल्या रोजगार हमीनें अनेक घरांची चूल पेटती ठेविली होती. कापसाची एकाधिकार खरेदी त्याच सुमारास सुरू झाली, व व्यापाऱ्याच्या दारीं ताटकळणाऱ्या शेतकऱ्याला कांहीं आधार वाटला. ज्याला आणीबाणीची झळ लागली तो तिला विसरला नाहीं. ज्याला लागली नाहीं त्यानें आपल्या कापसाचा आणि मजुरीचा विचार केला. दोघेही आपापल्या अनुभवानें मत देत होते. आमची तक्रार एवढीच कीं, शेजारच्याला लागलेली झळ आपली समजण्याची संवय आपणांस अजून लागलेली नाहीं.

निकालाच्या दिवशीं धाकटे काका नुकतेच घरीं आलेले होते. आम्हां मुलांना वाटलें, आतां फटाके वाजणार. त्यांनीं ते वाजवूं दिले नाहींत. ते थोरल्या भावाच्या खोलींत गेले, व दोघे बराच वेळ आंत बसले. काय बोलणें झालें तें आम्हांस कधींच कळलें नाहीं. रात्रीं पंगतींत काकूनें थोरल्या दिरांना आग्रह करून वाढलें, एवढें आम्हीं पाहिलें.

पुढचा इतिहास तर आणखी विलक्षण. १९७८ च्या आरंभीं काँग्रेस दुभंगली, आणि फेब्रुवारींतल्या विधानसभा निवडणुकींत जनता पक्षास ९९, जुन्या काँग्रेसला ६९ व इंदिरा काँग्रेसला ६२ जागा मिळाल्या. या ६२ चा मोठा भाग विदर्भांतला होता. दिल्लींत जनता पक्ष आपसांत भांडून मोडला, कांद्याचे भाव चढले, आणि १९८० च्या जानेवारींत इंदिराबाई ३५३ जागा घेऊन परत आल्या. बुलढाण्यांतून त्यांच्या पक्षाचे बाळकृष्ण वासनिक निवडून आले. आजीनें मत कोणास दिलें हें तिनें लपविलें नाहीं. ती म्हणाली, "तिचें चुकलें. पण ती पुन्हां दाराशीं येऊन उभी राहिली. भांडणाऱ्यांना घर चालवितां आलें नाहीं त्याला मी काय करूं?" धाकटे काका हंसले, पण त्यांना तें पटलें नाहीं, आणि आम्हांसही अजून पुरतें पटलेलें नाहीं. चुकलेल्याला पुन्हां संधि देणें हें लोकशाहीचें औदार्य खरें, परंतु चूक काय होती हें आधीं स्पष्ट शब्दांत कबूल करून घेतलें पाहिजे. तें झालें नाहीं.

३१ ऑक्टोबर १९८४ रोजीं इंदिराबाईंची हत्या झाली. त्या संध्याकाळीं तसबीर पुन्हां बैठकींत लागली, आणि ती लावली धाकट्या काकांनीं. हारही त्यांनींच आणला. आम्हीं चकित होऊन पाहतों आहों असें दिसतांच ते म्हणाले, "बाई शूर होती. पण हार घातला म्हणजे हिशेब मिटला असें समजूं नका."

अश्रूंची लाट

डिसेंबर १९८४ मध्यें काँग्रेसनें चारशेंहून अधिक जागा जिंकल्या. महाराष्ट्रांत ४८ पैकीं ४३. बुलढाण्यानें पंचवीस वर्षांचे मुकुल वासनिक निवडून दिले. परंतु हत्या आणि निवडणूक यांच्या मधल्या दिवसांत एकट्या दिल्लींत सरकारी हिशेबानेंच दोन हजार सातशेंहून अधिक शीख मारले गेले. मतदानावर त्याची छाया पडली नाहीं. अश्रूंच्या लाटेखालीं तीं प्रेतें झांकून गेलीं. १९४८ सालीं ज्यांनीं दारें लावून रात्री काढल्या त्या आपल्या घरांना तरी हें सर्वांआधीं जाणवावयास हवें होतें. आम्हीं हळहळलों, आणि मत देऊन आलों.

तीही लाट पांच वर्षांत ओसरली. बोफोर्सच्या संशयानें १९८९ सालीं काँग्रेस १९७ वर आली, व आमच्या जिल्ह्यानें भारतीय जनता पक्षाचे सुखदेव काळे दिल्लीस पाठविले. २१ मे १९९१ रोजीं राजीव गांधींची हत्या झाली तेव्हां मतदानाचा एक टप्पा उरकला होता व बाकीचे व्हावयाचे होते. हत्येपूर्वीं झालेल्या मतदानांत काँग्रेसची स्थिति वाईट होती, नंतरच्या मतदानांत ती पुष्कळ सुधारली. पक्ष तोच, जाहीरनामाही तोच. मध्यें पडली ती केवळ एक चिता. लोकप्रियतेवर संकटाचा परिणाम किती होतो हें इतकें स्वच्छ दाखविणारें दुसरें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

अलीकडचा काळ सर्वांच्या स्मरणांत असल्यानें तो थोडक्यांत आटोपतों. १९९९ च्या उन्हाळ्यांत कारगिलचें युद्ध झालें, अटलबिहारी वाजपेयी यांचें नांव घरोघर झालें. पण त्या शरदांतील निवडणुकींत त्यांच्या पक्षाच्या जागा पूर्वींच्या इतक्याच, म्हणजे १८२, राहिल्या, आणि त्याच वेळीं महाराष्ट्रानें राज्यांतील युतीचें सरकार मात्र बदललें. २०१९ च्या फेब्रुवारींत पुलवामा व बालाकोट घडलें, आणि मे महिन्यांत नरेंद्र मोदी यांच्या पक्षाला ३०३ जागा मिळाल्या. २०२४ सालीं त्या २४० झाल्या. त्या निवडणुकींत बुलढाण्याची जागा शिवसेनेच्या शिंदे गटाचे प्रतापराव जाधव यांनीं राखली खरी, पण कापूस व सोयाबीनच्या भावासाठीं आंदोलन करणाऱ्या रविकांत तुपकर या अपक्षास सुमारें अडीच लाख मतें पडलीं. सीमेवरच्या तोफा थांबल्या कीं खामगांवच्या बाजारांतला भाव ऐकूं येऊं लागतो. पक्ष कोणताही असो.

घरानें काय करावें?

वाचकहो, संकटांत पुढाऱ्याच्या पाठीशीं उभें राहूं नये, असें आम्ही म्हणत नाहीं. घराला आग लागली असतां कारभाऱ्याशीं वाद घालणारा मूर्खच. परंतु आग विझल्यावर तीन प्रश्न विचारण्याचा हक्क आपण गहाण ठेवूं नये. हें संकट देशावर आलें होतें, कीं पुढाऱ्यावर? संकटाच्या नांवानें जे विशेष अधिकार घेतले ते परत केले काय, आणि केव्हां? आणि आपण जयजयकार करीत होतों त्या वेळीं कोणाचें घर जळत होतें? या प्रश्नांना पक्ष नाहीं. आज ज्याची तसबीर आपल्या भिंतीवर आहे त्यालाही ते लागू आहेत, आणि उद्यां जी लागेल तिलाही.

थोरले काका, धाकटे काका, काकू, आजी, यांतलें आतां कोणीही उरलें नाहीं. दोन दिवस या गोष्टी ऐकल्यावर सूनबाईंनीं तसबिरी पुसून घेतल्या व विचारलें कीं, पुन्हां माळ्यावर ठेवूं, कीं लावूं? घरांत पुष्कळ चर्चा झाली. शेवटीं असें ठरलें कीं, सर्व लावाव्या. मात्र प्रत्येकीच्या पाठीमागें ती कोणत्या सालीं कां लागली व कां उतरली, हें कागदावर लिहून चिकटवावें, म्हणजे पुढच्या पिढीला पेटी उघडल्यावर आमच्यासारखें अडखळावें लागणार नाहीं. महात्माजींच्या मागें लिहितांना आमचा हात थोडा थबकला, पण १९४८ सालीं ती भयानें उतरली हें आम्हीं लिहिलें. इंदिराबाईंच्या मागें काय लिहावें यावर एकमत होईना. तेव्हां सूनबाईंनीं नुसतीं सालें लिहिलीं: १९७१, १९७५, १९८४. नातवानें तीं वाचलीं, आणि मधल्या सालीं काय झालें तें सांगा म्हणून तो आमच्यापुढें बसला.